लाकडी ओट्यासाठी सागवान घेताना

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सदनिकेत स्वयंपाकघराचे काम निघाले आहे. सूनबाईंना ग्रॅनाइटऐवजी अस्सल लाकडाचा ओटा हवा आहे. सुतार सागवान सुचवतो, तर पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून ओटा वाया जाईल, असे शेजारी सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : शेजाऱ्यांची शंका रास्त आहे, पण तेवढ्यावरून लाकडाचा विचार सोडण्याचे कारण नाही. लाकूड हवेतील दमटपणा शोषून आडव्या अंगाने फुगते आणि हवा कोरडी झाली की आक्रसते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस दमट राहते, त्यामुळे 60 सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी ओट्यात वर्षभरात 3 ते 5 मिलिमीटरची घटवाढ होऊ शकते. ती रोखण्याचा प्रयत्न केला, तर लाकूड तडकते किंवा वाकते. म्हणून ओटा खालच्या कपाटांना चिकटवू नये. कपाटाच्या आडव्या पट्ट्यांमध्ये स्क्रूसाठी लांबट भोके पाडावीत आणि मागे भिंतीलगत थोडी फट सोडावी. लाकूड कोणते, याहून ते कसे बसवणार, हे सुताराला आधी विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुताराची निवड योग्यच आहे. सागवानात अंगचे तेल असते, ते इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी हालते आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट भागाला हे गुण नसल्याने तो घेऊ नये. शिसव उत्तम, पण महाग. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला भुंगा लवकर लागतो. एकच रुंद फळी घेण्यापेक्षा दोन-तीन इंची पट्ट्या जोडून केलेला, सुमारे 40 मिलिमीटर जाडीचा ओटा अधिक सरळ राहतो. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये खरेदी करताना आर्द्रतामापक लावून दाखवायला सांगावे; आकडा 12 टक्क्यांच्या वर असेल, तर ते लाकूड अजून नीट वाळलेले नाही.

तरीही संपूर्ण ओटा लाकडाचा करू नये, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे रोज ओटा पाण्याने धुतात, सिंकची कड सदैव ओली असते आणि कुकर आचेवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवला जातो. शेगडी आणि सिंकच्या भागात ग्रॅनाइट ठेवून, कणीक मळण्याची, पोळ्या लाटण्याची आणि भाजी निवडण्याची जागा लाकडाची करावी. हळदीचा डाग तिथेही पडेल, आणि ओला लोखंडी तवा रात्रभर राहिला तर काळा व्रण उठेल. परंतु घासकागदाने तेवढा भाग घासून पुन्हा तेल देता येते, ही सोय दगडात नाही.

प्रश्न : लाकडी ओट्याला घरचे खोबरेल तेल चालेल का?

उत्तर : नाही. खोबरेल आणि शेंगदाणा तेल लाकडात वाळून घट्ट होत नाही, ते चिकट राहते आणि कालांतराने त्याला खवट वास येतो. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, म्हणून तेच वापरावे; मात्र रंगाच्या दुकानातील ‘डबल बॉइल्ड’ तेलात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात, तेव्हा जिथे कणीक मळायची तिथे शुद्ध कच्चे तेलच बरे. पातळ हात द्यावा, काही वेळाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे आणि तो पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे काही दिवसांनी, दुसरा द्यावा. ओट्याची खालची बाजू आणि कापलेली टोके यांनाही तितकेच तेल हवे, कारण दमटपणा सर्वांत वेगाने टोकांतूनच आत शिरतो. आणखी एक गोष्ट कृपया विसरू नये : जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत आणि मगच फेकावीत.