बायोनिकलसारखी, सुटे भाग जोडून बनवायची अ‍ॅक्शन फिगर परत येतील का? की तो प्रकार संपला?

तुम्ही विचारलंय ते असं: दहा वर्षांच्या भाच्याने बायोनिकलचे, म्हणजे डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या मुखवटेवाल्या, जोडून बनवायच्या रोबोंचे, जुने व्हिडिओ पाहिले आणि आता त्याला 'तसलाच' रोबो हवाय. दुकानात मिळत नाही. तर ही फिगर पुन्हा निघतील का, आणि निघणार नसतील तर पैसे कोणत्या कंपनीच्या सांध्यांवर घालावेत, कारण एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यात बसत नाही.

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. लोक मुखवट्यांबद्दल विचारतात, कथेबद्दल विचारतात, खांद्याबद्दल कुणी विचारत नाही. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात टूलरूम, म्हणजे साचे बनवायचा विभाग, सांभाळतो. खेळणी आम्ही बनवत नाही. बाटल्यांची बुचं, प्लगची कव्हरं, क्लिपा असला माल. पण बूच असो की रोबोचा गुडघा, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांनी एकमेकांना किती घट्ट धरायचं हाच आमचा रोजचा झगडा.

बोटीवर असलेल्या मामाने २००२ साली मला ताहू, म्हणजे बायोनिकलमधला लाल गडी, आणून दिला होता. नौपाड्यातल्या आमच्या घरात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पाठीवरचं चाक फिरवलं की हातातली तलवार वर-खाली व्हायची, मी दिवसभर तेच करत बसायचो. आजीने एकदा तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "याला गुडघेच नाहीत रे. हा मांडी घालून बसणार कसा?" खरं होतं. पहिल्या वर्षीच्या या गड्यांचे पाय खुब्यात आणि घोट्यात हलायचे, मध्ये सरळसोट काठी. गुडघे आले २००४ च्या मेट्रू मालिकेत आणि कोपरं २००६ च्या इनिका मालिकेत. आजीची तक्रार डेन्मार्कला पोचायला दोन वर्षं लागली असं आम्ही घरात म्हणायचो.

आता इतिहास भराभर उरकतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. लेगोने बॉल आणि सॉकेटवाले, म्हणजे वाटीत गोळा फिरतो तसल्या सांध्यांचे, रोबो १९९९ मध्ये स्लायझर म्हणून काढले, २००० मध्ये रोबोरायडर्स आले आणि २००१ मध्ये बायोनिकल. २००३-०४ ला कंपनी तोट्यात रुतली होती तेव्हा ज्या थोड्या मालिकांनी तिला हात दिला त्यांतली ही एक. २०१० ला ती बंद झाली. तिच्या जागी हीरो फॅक्टरी, ती २०१४ पर्यंत. मधे २०११ मध्ये सांध्यांची पद्धतच नवी केली: ठरावीक लांबीची हाडं, टोकांना बॉल किंवा सॉकेट, आणि हाडांवर वरून दाबून बसवायची कवचं. या पद्धतीला तिकडे सीसीबीएस म्हणतात. बायोनिकल २०१५ ला परत आलं, २०१६ ला पुन्हा गेलं. याच हाडांवर स्टार वॉर्सची मोठी फिगर २०१५ ते २०१८ निघाली. त्यानंतर हाडं-कवचांची एकही मालिका लेगोने काढलेली नाही.

कारण? मुलांना कंटाळा आला वगैरे लोक सांगतात. मी डायवाला, म्हणजे स्टीलचे साचे करणारा माणूस, मला त्यात डायचा खर्च दिसतो. चार बाय दोनची वीट एकदा बनवली की ती पोलीस स्टेशनात चालते, किल्ल्यात चालते, अंतराळयानात चालते. मुखवटा फक्त असल्या गड्यांच्या तोंडावरच बसतो. त्याला वेगळा स्टील ब्लॉक, वेगळं मशिनिंग, वेगळं पॉलिश आणि पुढल्या वर्षी तो गडी बदलला की डाय फडताळात. आमच्याकडे गिऱ्हाईक नवा डिझाइनचा पीस घेऊन येतं तेव्हा शेठ पहिला प्रश्न हाच विचारतात: "माल किती लाख काढणार?" तिकडेही प्रश्न वेगळा नसणार, फक्त आकड्याला शून्यं जास्त. हाडं आणि कवचं विटांच्या डब्यात एकजीव होत नव्हती, बाजूला पडून राहायची. घरात दोन डबे, दोन जाती.

पण सांधा मेला नाही. तो छोटा झाला. २०१४ ला लेगोने मिक्सेल्स नावाची चिमुकली भुतं काढली. त्यांच्यासाठी जो बॉल-सॉकेटचा जोड आणला त्याचा बॉल साधारण ६ मिमी, जुन्या बायोनिकलचा साधारण १० मिमी. आणि हा छोटा बॉल थेट विटेच्या अंगावर आला! म्हणजे एका बाजूला नेहमीची वीट, दुसऱ्या बाजूला फिरणारा खांदा. मिक्सेल्स २०१६ ला संपले, त्यांचा सांधा राहिला. आज लेगोच्या निन्जागो आणि मार्व्हल मालिकांतले लढाऊ रोबो, अगदी विटांचं बाळ ग्रूटसुद्धा, असल्याच छोट्या जोडांवर हातपाय हलवतात. २०२३ च्या सुरुवातीला लेगोने खरेदीवर भेट म्हणून ताहू आणि बायोनिकलमधलाच ताकुआ दिले, तेही विटांनी बांधलेले. ताहू परतला खरा, पण विटांच्या अंगाने. माझ्या मते पुढचीही वाट तीच. २००१ सारखी स्वतंत्र सांध्यांची स्वतंत्र मोठी मालिका लेगो परत काढेल यावर मी माझे पैसे लावणार नाही.

छोट्या बॉलची एक अडचण मात्र समजून घ्या, कारण खरेदी करताना तीच आड येते. रोबोचा आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं. हात दुप्पट लांब झाल्यामुळे खांद्यावरचा पीळ सोळापट. बॉल तेवढाच ठेवला तर तो कसा धरणार? हात खाली येतो, मान पडते, शेवटी गडी दारू प्यायल्यासारखा कपाटाला टेकून उभा राहतो. म्हणून मोठ्या मॉडेलांत खटक्याचे सांधे घालतात, आत दाते असलेले, फिरवले की कट-कट वाजणारे. ते वजन झकास धरतात, पण ठरावीक पायऱ्यांवरच थांबतात. लेगोच्या खटक्याची एक पायरी २२.५ अंशांची. म्हणजे हात थोडासाच उचलायचा असेल तर जमत नाही. लेगोचा २०२२ चा ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला रोबो, १५०८ तुकड्यांचा, गाडीचा रोबो होतो आणि उभाही राहतो. त्यात इंजिनीयरांनी घाम कुठे गाळलाय हे पाहायचं असेल तर चेहरा सोडा, कंबर आणि खुबे बघा.

आता सॉकेटबद्दल. बॉल ही सोपी गोष्ट आहे, सगळं दुखणं सॉकेटचं. सॉकेट बॉलपेक्षा केसभर लहान ठेवतात, म्हणजे बॉल आत शिरताना ते फाकतं आणि मग आवळून धरतं. 'केसभर' म्हणजे खरंच केसभर. आमच्याकडे एकदा स्कूटरला लावायच्या मोबाइल होल्डरचं काम आलं होतं, मान वळवायला बॉल-सॉकेट. ट्रायलचे पीस हातात घेतले, बॉल 'टक' करून बसला, मान वळवली, जिथे सोडली तिथे थांबली. आम्ही खूश, गिऱ्हाईक खूश, चहा झाला. सहा महिन्यांनी तेच होल्डर परत आले, मान टाकलेले. चूक माझीच होती. सॉकेट मी जास्त घट्ट ठेवलं होतं, या समजुतीत की घट्ट म्हणजे टिकाऊ. प्लास्टिक सतत ताणलेलं राहिलं की ते हळूहळू त्या ताणाला सरावतं, परत आवळत नाही. काही सॉकेटांना तर चीर गेली होती आणि सगळ्यांची चीर एकाच जागी. मी भिंगाखाली धरलं तर तिथे पुसटशी रेघ: वितळलेलं प्लास्टिक छिद्राच्या दोन बाजूंनी वळून जिथे पुन्हा भेटतं ती जागा. आम्ही तिला वेल्ड लाइन म्हणतो. गोल कडं असलेल्या प्रत्येक भागात ती असतेच, आणि तुटायचं ठरलं की भाग तिथूनच तुटतो.

बायोनिकलच्या संग्राहकांत २००७-०८ च्या पोपटी सॉकेटांची ख्याती आहे, नुसता बॉल दाबला तरी चिरतात अशी. माझ्याकडे त्या वर्षांतलं काही नाही, पण एकच रंग जास्त फुटतो हे ऐकून मला नवल वाटलं नाही. प्लास्टिकच्या दाण्यात रंग मिसळला की नुसता रंग बदलत नाही, प्लास्टिकचा चिवटपणाही बदलू शकतो. आमचा ऑपरेटर पांढरा माल आणि काळा माल एकाच सेटिंगवर कधी चालवत नाही. तेव्हा भाच्यासाठी कुणाकडून जुनं पोपटी घेणार असाल तर सांधे उघडझाप करू नका, जसं जोडलंय तसं राहू द्या.

जपान्यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला, आणि मला तो मार्ग जास्त पटतो. बांदाई कंपनीची गुंडम या कार्टूनमधल्या रोबोंची मॉडेलं १९८० पासून निघतात. त्यांनी वर्षानुवर्षं कडक प्लास्टिकच्या दोन भागांमध्ये पॉलिथिलीनची मऊ टोपी घातली, पॉलीकॅप. झीज झाली तर टोपीची, आणि मऊ प्लास्टिक चिरत नाही. २०१० च्या रिअल ग्रेड या मालिकेत तर वेगवेगळ्या प्लास्टिकांचा, आधीच हलणारा सांगाडा सरळ साच्यातून बाहेर आला. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मशिनपाशी उभ्या असलेल्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ घोटा हलवत राहिले आणि "डाय कुणी केली रे ही?" एवढंच म्हणाले. अलीकडच्या बऱ्याच किटांत पॉलीकॅप नाही, चिवट जातीचं पॉलिस्टायरीन वापरून सांधा थेट बनवतात. २०१९ पासून बांदाईची ३० मिनिट्स मिशन्स ही मालिका आहे. तुमच्या भाच्याचा 'एकाचा हात दुसऱ्याला' हा हट्ट तिच्यात बऱ्यापैकी पुरा होतो. हत्यारं आणि चिलखतं ३ मिमीच्या खुंटीवर बसतात, आणि ३ मिमीची खुंटी कोतोबुकियासारखे दुसरे जपानी किटवालेही वापरतात. ट्रान्सफॉर्मर्सच्या हत्यारांची खुंटी ५ मिमीची. हे आकडे कुणी कायदा करून ठरवले नाहीत, रूढ झाले. पुढची वीस वर्षं या खेळण्यांची भाषा ही खुंटी असेल असं मला वाटतं. कंपनी बुडते, कथा बंद पडते, ३ मिमीचं छिद्र ३ मिमीचंच राहतं.

आणि तिसरी वाट घरच्या प्रिंटरची. २०२३ मध्ये डमी १३ नावाची, पूर्ण सांधे असलेली फिगर थ्रीडी प्रिंटसाठी इंटरनेटवर आली आणि जगभर पसरली. मी कारखान्यातल्या प्रिंटरवर रविवारी एक काढली. पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये थर ज्या दिशेने बसतात त्या दिशेने सांध्याचा दांडा कटकन मोडतो, म्हणून भाग आडवे ठेवून छापायचे. माझा पहिला खुबा फार घट्ट, दुसरा फार सैल, तिसरा चालला. पण मोडलं तर पुन्हा छापता येतं! डायवाल्याला हे पचायला जड जातं, कारण माझी चूक स्टीलमध्ये कोरलेली असते.

तर भाच्यासाठी काय घ्यायचं? घरात आधीच विटा असतील तर छोट्या बॉलचा एखादा लेगो रोबो घ्या, त्याचे भाग वाया जात नाहीत. त्याला कापायची, घासायची आवड असेल आणि तुम्ही शेजारी बसणार असाल तर ३० मिनिट्स मिशन्स. लहान टोकदार तुकडे असतात, एकट्याच्या हाती देऊ नका. बायोनिकल म्हणून ठाणे स्टेशनसमोर किंवा ऑनलाइन स्वस्तात जे मिळतं ते टाळा. त्यातल्या एका बिननावाच्या डब्यातल्या सॉकेटवर फ्लॅश, म्हणजे साच्यातून सांडलेल्या प्लास्टिकची धार, इतकी होती की बोट कापलं. खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा. लहान मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. परदेशी माल महाग का, असं भाच्याने विचारलं तर सांगा, खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०.

सांधे सैल झाले तर फेकू नका. बॉलवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच सॉकेटात घाला. ओला असताना घातलात तर कायमचा चिकटेल. आणि जास्त झालं म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं. बारीक पॉलिश पेपरने घासा, दोन-तीन फेऱ्या, मग बसवून बघा.

आणि काहीही घेण्याआधी भाच्याला एवढंच विचारा, त्याला रोबो उभा करून ठेवायचाय की रोज तोडून नवा बनवायचाय. उभा ठेवायचा असेल तर खटक्याचे सांधे, तोडायचा असेल तर बॉलचे.