वेल्डिंग मशीन उचलण्याआधी कागद बघ

मित्रा, शून्यातून जीप बांधायची तुझी हौस मनापासून आवडली. पण आरटीओत पहिल्यांदा विचारतात तो फॉर्म २२, म्हणजे उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र. ते तुला देणार कोण? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत होते. ती कंपन्यांसाठी असते, एकट्याच्या खिशाला झेपत नाही. सांगलीच्या देवराष्ट्र्यात लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातून किती सुरेख गाडी केली! २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, तेव्हाही ती नियमात बसत नाही हे स्पष्टच सांगितलं.

म्हणून आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) चालू असलेली जुनी गाडी घे आणि तिचाच जीर्णोद्धार कर. चेसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर अजिबात नको. तपासणीत त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. एक आकडा पुसट निघाला तरी चोरीचा संशय येतो. रंग किंवा इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी काढ. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कडक आहेत. विम्यालाही कळव, नाहीतर अपघातात दावा अडकतो.