लठ्ठपणामुळे चरबीत वण पडतात म्हणजे नेमकं काय होतं? वजन उतरलं की ते जातात का?

तुम्ही खाली असंही विचारलंय की चरबी लोण्यासारखी मऊ, तिला वण कसले पडणार? आणि 12 किलो उतरवूनही पोट टणकच लागतं, तर त्यासाठी मागवलेला थरथरणारा पट्टा कामाचा आहे का? पट्ट्याकडे शेवटी येते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये ऑपरेशनमधून आलेले तुकडे कापून त्यांच्या स्लाइड बनवते, त्याला 22 वर्षं झाली. हर्निया असो, पित्ताशय असो, तुकड्याला थोडी चरबी चिकटलेली असतेच. फॉर्मालिनच्या बाटलीत बाकी सगळं तळाशी बसतं, चरबी तेवढी वर तरंगते. कापायला ती भारी त्रासदायक, पात्याखालून निसटते. पण काही तुकडे कापताना पातं मध्येच अडतं. नीट बघितलं तर पिवळ्या चरबीत पांढऱ्या रेषा दिसतात. हापूस बिनरेषेचा असतो आणि रायवळ चोखताना दातांत रेषा अडकतात, तसाच फरक. या रेषा म्हणजे कोलॅजन, धाग्यांसारखं एक प्रथिन, आणि चरबीतले वण म्हणतात ते हेच. आपल्या कातडीवर जखमेचा वण उरतो तोही मुख्यतः कोलॅजनचाच.

स्लाइडवर गंमत आणखी वेगळी. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, त्यामुळे काचेवर उरतात नुसत्या पेशींच्या कडा. आत सगळं रिकामं. मासेमारीचं बारीक जाळं पसरून ठेवावं तसं दिसतं. मॅसन ट्रायक्रोम हा रंग लावला की कोलॅजन निळं होतं. चांगल्या चरबीत हे निळं अगदी बारीक, दोऱ्यासारखं. बिघडलेल्या चरबीत त्याचे जाड पट्टे दिसतात, आणि कुठे कुठे एकेका पेशीला निळा वेढा पडलेला असतो.

आता हे होतं कसं ते बघा. वजन वाढतं तेव्हा चरबीच्या पेशी फुगतात. पेशीचा व्यास दुप्पट झाला की तिच्यातला माल आठपट होतो. फुगलेली पेशी 100 मायक्रॉनच्या पुढे जाते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि रक्तवाहिनीतला ऑक्सिजनही साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. पेशी वाढतात, पण रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग ऊतीला प्राणवायू कमी पडायला लागतो. अशा वेळी हिफ-1 नावाचं प्रथिन जागं होतं. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं, त्या गोष्टीतलं हे मुख्य पात्र. एरवी ते नव्या रक्तवाहिन्या बोलावून घेतं. चरबीत मात्र, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ते रक्तवाहिन्यांऐवजी कोलॅजनच वाढवत बसतं.

त्यात काही पेशी मरतात. पुळणीवर मेलेला मासा पडला की कावळे जमतात तशा मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी तिच्याभोवती गोल करून बसतात. स्लाइडवर मधे रिकामा गोल आणि कडेने गडद ठिपक्यांचा मुकुट असं दिसतं, म्हणून त्याला नावही मुकुटावरूनच पडलंय. त्या सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. ज्या कोवळ्या पेशी पुढे चरबीच्या नव्या पेशी व्हायच्या, त्यांतल्या काही टीजीएफ-बीटा नावाच्या निरोप्या रसायनाच्या नादी लागून कोलॅजनच बनवायला लागतात. म्हणजे माल ठेवायला नवी जागा तर होत नाहीच, जुन्या जागेच्या भिंती तेवढ्या जाड होतात.

माझ्या मते खरा घोळ इथे आहे. आपण चरबीला शिव्या घालतो, पण ती कोठाराचं काम करते. कोठार ताणलं जात नाही तेव्हा माल यकृतात, स्नायूंत, जिथे त्याचं काही काम नाही तिथे जाऊन पडतो. 2009 साली अमेरिकेत फिलिप शेरर यांच्या गटानं लठ्ठ उंदरांमधून कोलॅजन-6 हा कोलॅजनचा एक प्रकार काढून टाकला. चरबीच्या पेशी आणखी मोठ्या झाल्या आणि तरी उंदरांची साखर सुधारली! पेशींना मोकळेपणी फुगू दिलं म्हणून.

माझा गुहागरचा चुलतभाऊ हे पटवून घ्यायला तयार नव्हता. हातपाय काड्यांसारखे, वजन 64, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. "अगो ताये, मी जाडा आहे का?" जाडा नाहीस रे बाबा, पण तुझं कोठारच लहान असणार. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा कंबरेची टेप बरी. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्याच्या आत.

आता वजन उतरलं की काय? पेशी आकसतात, त्यांची संख्या मात्र जवळपास तेवढीच राहते. सूजही पुष्कळ कमी होते. कोलॅजन इतक्या सहज हलत नाही, कारण त्याचे धागे एकमेकांना टाचून पक्के केलेले असतात. पॅरिसच्या कारीन क्लेमां यांच्या गटाला 2010 मध्ये आढळलं की ज्यांच्या कातडीखालच्या चरबीत असे वण जास्त, त्यांची चरबी वजनाच्या ऑपरेशननंतर कमी उतरली. तेव्हा तुमचा काटा अडला असेल तर तो सगळा आळसाचाच दोष, असं स्वतःला लावून घेऊ नका.

पण फायद्यासाठी वण जाण्याची वाट बघावी लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, 2002 मध्ये निकाल आला. वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ठरवलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुम्ही 12 किलो उतरवलेत, ही काही थोडी गोष्ट नाही.

राहिलं टणक पोट. हे वण हाताला लागत नाहीत. ते कळायला तुकडा काढून माझ्यासारखीच्या टेबलावर यावा लागतो, आणि नुसतं तेवढ्यासाठी कोणी तुकडा काढत नाही. चिमटीत न येणारं घट्ट पोट बहुतेक वेळा आतल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीमुळे असतं. एकदा डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीत यकृतही बघून होईल. चरबीतले वण विरघळवणारं औषध अजून बाजारात नाही, आणि पट्टा पोटावर कितीही थरथरला तरी कोलॅजनचा एक धागासुद्धा तुटत नाही. परत करायची मुदत उरली असेल तर आजच फोन करा.