गळालेला तक्ता

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. समाज कोसळू लागल्याची पहिली खूण कोणती, असे विचारून तू दंगली, बुडत्या बँका, पेट्रोलच्या रांगा अशी भलीमोठी यादी जोडली आहेस. ती बाजूला ठेव. रांगा लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. वर्षानुवर्षे छापला जाणारा कोणता आकडा छापायचा बंद झाला, एवढेच बघ.

सोव्हिएत संघातला अर्भक मृत्युदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुले, १९७१ साली २२.९ होता, तो १९७४ साली २७.९ वर गेला आणि त्यानंतर सरकारी वार्षिकांतून तो आकडाच नाहीसा झाला. अंतराळयाने उडत होती, लाल चौकात संचलने होत होती. पण इमॅन्युएल टॉड या पंचविशीतल्या फ्रेंच अभ्यासकाने १९७६ साली ही व्यवस्था कोसळणार असे लिहिले, तेव्हा त्याच्या पुराव्यांत हा आकडा ठळक होता. १९९१ साली ती कोसळली. मृत्युदरातल्या वाढीचा काही भाग संघाच्या मध्य आशियाई प्रदेशातल्या नोंदी सुधारल्यामुळे दिसला, असे काही अभ्यासक म्हणतात. असेल, मग तशी तळटीप देऊन आकडा छापायचा होता. मुळात अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मून सात दिवसांच्या आत गेलेले मूल सोव्हिएत हिशेबात जिवंत जन्मांत धरतच नसत. एवढी सूट घेऊनही आकडा झाकावा लागला! त्याआधी १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेहून कमी भरली, कारण दुष्काळाने लाखो माणसे गिळली होती. स्टालिनच्या राजवटीने ती जनगणना रद्द केली आणि तिचे काम पाहणाऱ्या क्वितकिन यांना गोळ्या घातल्या. पुढच्या कारकुनांनी त्यातून काय धडा घेतला असेल, हे मी सांगायला हवे का?

आकडेवाल्याला आकडेच दिसणार, असे तू म्हणशील. दिसोत. नोकरीत असताना एका नोंदवहीत दुसऱ्या दिवशी दगावलेले मूल ‘उपजत मृत्यू’च्या, म्हणजे मृतच जन्मलेल्यांच्या, रकान्यात सरकवलेले मला सापडले, शेजारी त्याला बीसीजीची लस दिल्याची नोंद खोडायची राहून गेली होती. मी सही केली नाही. बदल्या झाल्या, मुलांच्या शाळा मोडल्या, आणि त्याची हळहळ मला आजही आहे. सही न केल्याची मात्र नाही. एका रकान्याने देश बुडत नाही, हे मलाही कळत होते. पण वरच्याला काय हवे ते ओळखून खालचा लिहू लागला, की काही वर्षांनी वरच्यालाच खरे कळेनासे होते आणि दुखणे हाताबाहेर गेल्यावरच त्याला जाग येते. म्हणून पुन्हा सांगतो, आकडा वाढला तर काळजी कर. तो दिसेनासा झाला तर घाबर.

पाहणीचे काम सोडून गावी धान्य साठवीन म्हणतोस, ते मला मुळीच पटलेले नाही. मोजणारी माणसेच उठून गेली तर झाकणाऱ्यांना वेगळे कष्ट कशाला? तुमच्या कार्यालयातली जुनी वार्षिके काढ, अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेव, कोणता तक्ता कोणत्या वर्षी गळला आणि त्याचे कारण छापले आहे का, ते लिहून पाठव. नुसती भीती लिहून पाठवलीस तर उत्तर देणार नाही.

तुझा,
काका