एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, जनरल मॅनेजर (संघातले खेळाडू ठरवणारा) जिंकणारी टीम कशी बांधतो? मोठे स्टार विकत घेऊन की ड्राफ्टमधून, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडून?

दोन्ही लागतं, पण पाया ड्राफ्टचाच. पगाराची कमाल मर्यादा 32 ही संघांना सारखीच असते. 2024 मध्ये ती 25.54 कोटी डॉलर होती. त्यात 53 जण बसवायचे, त्यामुळे नुसता पैसा ओतून कोणी पुढे जात नाही. ड्राफ्टमधला पोरगा मात्र पहिली चार वर्षं स्वस्त करारावर खेळतो, आणि त्या बचतीतूनच स्टार परवडतात.

फिलाडेल्फिया ईगल्सच्या हॉवी रोझमनचं काम बघा. जॉर्डन मैलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. 2018 मध्ये त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं. सामन्यात उतरायला त्याला 2020 उजाडलं. तेवढा धीर धरला म्हणून आज तो लीगमधल्या उत्तम लेफ्ट टॅकल्सपैकी (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत डावीकडचा खेळाडू) एक आहे. त्याच 2020 मध्ये दुसऱ्या फेरीत जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाली चालवणारा) घेतला, तेव्हा त्या जागेवर कार्सन वेंट्झ असताना हा कशाला, म्हणून चाहते केवढे भडकले होते!

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, सेक्वॉन बार्कली आला तो 2024 मध्ये, लाइन (ती पुढची फळी) पक्की झाल्यावर. आधी जायंट्स संघात त्याला अशी लाइन कधी मिळालीच नव्हती. इथे पहिल्याच हंगामात तो 2005 यार्ड धावला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सनी चीफ्स संघाला 40-22 हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

म्हणून माझं ठाम मत, आधी आक्रमण आणि बचाव, दोन्ही बाजूंच्या लाइन भरा. रनिंग बॅकवर मोठा खर्च त्यानंतरच.