समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर नागपुरात राहून लाकडी जहाजांची बारीक मॉडेल्स बनवायला सुरुवात कशी करावी? किट मागवावं का?

तुम्ही लिहिलंय की आजूबाजूला हे करणारं कोणी नाही, तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेचं एक परदेशी किट डोळ्यांत भरलंय, आणि ते मागवावं की नाही ते कळत नाही. मीही नागपूरचाच. गेली अकरा वर्षं हे काम करतोय, म्हणून उत्तर देतो. ते किट आत्ता मागवू नका.

माझ्याही डोक्यात असंच एक जहाज बसलं होतं. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांची वेगवान युद्धनौका, मुंबईला वाडियांच्या गोदीत मलबारच्या सागात बांधली गेली, १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय. तिचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ नावाचं जहाज १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेबरोबरच्या लढाईत गेलं आणि नकाशांचा नवा संच पाठवावा लागला. हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेना. मग मी त्याच जातीच्या फ्रिगेटचं किट घेतलं. तोफांच्या डेकची लांबी १५० फूट धरली तर १:६४ ला, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढं केलं तरी, नुसतं अंगच ७१ सेंटीमीटर भरतं. त्यावर तीन डोलकाठ्या आणि शेकडो दोऱ्या, प्रत्येक दोरीला स्वतःची जागा आणि स्वतःची गाठ. चौदा महिन्यांनी फळ्या अर्ध्यावर असताना ते काम थांबलं. किट चांगलं होतं. फक्त मला मोजता येत नव्हतं, आणि किट तेवढी एक गोष्ट शिकवत नाही. तिथं सगळं आधीच मोजून, कापून दिलेलं असतं.

पहिली होडी उघडी करा. डेक नाही, शीड नाही. आतलं-बाहेरचं सगळं दिसतं, त्यामुळे चूक लपत नाही आणि दोन-तीन महिन्यांत काम हातावेगळं होतं. आणि शक्यतो अशी करा, जिला तुम्ही स्वतः हात लावलाय.

त्यासाठी आंभोऱ्याला जा. कुहीच्या पुढे, वैनगंगा-कन्हानच्या संगमावर. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यानं तिथलं पात्र आता खूप पसरलंय, मासेमारीचे डोंगे काठाला लागलेले असतात. मी एका फेब्रुवारीत टेप आणि वही घेऊन गेलो. काठावर एक डोंगा पालथा घातलेला होता आणि एक म्हातारे काका सांध्यांमध्ये डांबरात भिजवलेला कापूस ठोसत होते. परवानगी घेऊन मी बाजूनं लांबी मोजायला लागलो.

“काय मोजून राहिले जी?”

मी सांगितलं, याची छोटी प्रतिकृती करायचीय, लाकडाची. त्यांनी हातातलं काम ठेवलं. म्हणाले, “डोंगा कडेनं नाही पाहाचा. खालतून पाहाचा. पाण्याले कड कुठी दिसते?”

मग माझा हात धरून त्यांनी तो डोंग्याच्या बुडावरून नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत फिरवला. डांबराच्या खालच्या फळ्या जाड, खिळे ठोकलेले, जागोजागी ठिगळं. पण हात कुठंही अडला नाही. एका ओघात गेला. त्या दिवशी मी लांबी १९ फूट आणि रुंदी ४ फूट १ इंच लिहून आणली. घरी आल्यावर लक्षात आलं की खरं माप हाताला लागलंय ते वेगळंच.

१९ फुटांचा डोंगा १:२४ ला २४ सेंटीमीटरचा होतो, टेबलावर आरामात मावतो. कागदावर आधी तीन चित्रं काढा: बाजूनं, वरून, आणि पाच-सहा ठिकाणी आडवा छेद. मग पुठ्ठ्याचा ७ सेंटीमीटरचा माणूस कापा (साडेपाच फुटांचा माणूस १:२४ ला एवढाच असतो) आणि तो कायम टेबलावर ठेवा. बसायची फळी जास्त उंच झाली, कड जाड राहिली, की त्याला आत बसवल्याबरोबर दिसतं. अजूनही मी हे करतो.

आता मुख्य काम, आणि इथंच बहुतेकांची पहिली होडी बिघडते.

होडीच्या तळाशी लांबच्या लांब जे लाकूड जातं ते पठाण. त्यावर आडव्या फासळ्या उभ्या राहतात आणि फासळ्यांवर फळ्या चढतात. फासळ्या करवतीनं कापल्या की त्यांच्या कडा चौकोनी असतात. मधोमध ते चालतं. पण नाळेकडे होडी निमुळती होत जाते, तिथं फळी तिरपी येते आणि फासळीच्या फक्त एका कोपऱ्यावर टेकते. म्हणून फळी लावण्याआधी प्रत्येक फासळीची कड घासून तिला उतार द्यावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातात. दोन मिलिमीटरची लवचीक पट्टी घ्या आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत फासळ्यांवर टेकवा. पट्टी प्रत्येक फासळीला पूर्ण रुंदीनं टेकली पाहिजे. कुठं मधून उजेड दिसला तर ती फासळी बसकी आहे, तिच्यावर पातळ चिपटी चिकटवा. कुठं पट्टीला पोक आलं तर ती फासळी उंच आहे, घासा. पट्टी थोडी खाली सरकवा, पुन्हा बघा. शेवटी डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

डोंग्याला फळ्या मोजक्याच लागतात. गोल पोटाची होडी घ्याल तेव्हा फळ्यांचा हिशेब येतो, आणि तो अगदी साधा आहे. माझ्या दुसऱ्या होडीत मधल्या फासळीचा घेर एका बाजूनं ५२ मिलिमीटर होता आणि नाळेशी ३१. दहा फळ्या बसवायच्या तर प्रत्येक फळी मध्ये ५.२ आणि नाळेशी ३.१ मिलिमीटर हवी. प्रत्येक फासळीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा, दहानं भागा, त्या खुणा फळीवर उतरवा आणि छोट्या रंध्यानं फळी निमुळती करा. हे न करता एकाच रुंदीच्या पट्ट्या चिकटवत गेलात की नाळेशी त्या एकमेकींवर चढायला लागतात. मग माणूस जोर लावतो, पट्टी आडवी वाकवायला बघतो. ती आडवी वाकत नाही, पीळ खाते आणि एक कड वर उचलते. माझ्या फ्रिगेटवर नेमकं हेच झालं होतं. फळी जागेवर दोन बोटांनी धरली की बसायला हवी. बसत नसेल तर तिचा आकार चुकलाय.

वाकवण्यासाठी फळी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावर हळूहळू वळवा. ओल्या उष्णतेनं लाकडाचे तंतू सैल होतात आणि थंड झाल्यावर तो बाक धरून ठेवतात. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे लावून जागेवर ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. फेविकॉल त्यानंतर. ओली फळी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर वाळताना आकसते आणि सांधा उघडतो.

यावरून नागपूरची गोष्ट. परदेशी लोकांच्या सल्ल्यात हे तुम्हाला सापडणार नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, तसं ते आडव्या अंगानं फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ बदल होत नाही. आपल्याकडे ऑगस्टची दमट हवा आणि मे महिन्याची भाजणारी कोरडी हवा यांत केवढा फरक आहे ते वेगळं सांगायला नको. पण त्याहून घातक म्हणजे कूलर. मी एका मे महिन्यात कूलरच्या खोलीत बसून पूर्ण होडीला फळ्या लावल्या. सांधे इतके सुरेख जुळले होते की नखही जाईना. मग लग्नासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेलो, कूलर बंद. परत येऊन दार उघडलं तर उजव्या अंगाचे पाच सांधे उघडले होते आणि नाळेजवळची एक फळी उभी तडकली होती. कूलरच्या ओल्या हवेत ते लाकूड पावसाळ्यासारखंच फुगलेलं होतं. तेव्हापासून होडी कूलरच्या खोलीत ठेवत नाही. आणि कापलेल्या फळ्या वापरण्याआधी निदान तीन आठवडे त्याच खोलीत मोकळ्या ठेवतो, जिथं होडी राहणार आहे.

लाकूड कोणतं? साग डोक्यात येणार. नव्या संसद भवनाला साग नागपूरहून गेला, आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण मॉडेलला साग शोभत नाही. त्याची छिद्रं मोठी, पाव मिलिमीटरच्या आसपास. १:४८ च्या मॉडेलवर ते खऱ्या जहाजाच्या फळीत १२ मिलिमीटरचं भोक असल्यासारखं दिसतं. डोळा लगेच ओळखतो की हे जहाज लहान नाही, लाकूड मोठं आहे. हळदू मागा. आपल्या जंगलातलंच झाड, पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं. फण्या, बॉबिन अशा वस्तूंना पूर्वापार वापरलेलं. पात्याखाली ते लोण्यासारखं कापलं जातं आणि कड धरून ठेवतं. युरोपातले लोक ज्या कामाला बॉक्सवुड वापरतात त्याला मला हळदू पुरतो. लकडगंजला आरा मशिनीवर तुकडे मागा. अर्ध्या मिलिमीटरची फळी काढायची असेल तर वीतभर लांबीचा ठोकळाही खूप झाला. तान्ह्या पोळ्याआधी लाकडी नंदी बनवणारे सुतार असतात, त्यांच्याकडेही शिवणीचे वगैरे चांगले तुकडे उरतात. शिवण आतल्या फासळ्यांना उत्तम, हलकी आणि सहसा न पिळणारी. बाल्सा घेऊ नका, नखानं खळगा पडतो.

हत्यारं सोनाराची घ्या, सुताराची या कामाला मोठी पडतात. इतवारीत सराफ्याजवळ सोनारांची हत्यारं मिळतात: बारीक पात्याची करवत, सुईसारख्या कानशी, टोकदार चिमटे. आणि जंतर, म्हणजे तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी. ही जरूर घ्या. जुन्या जहाजांच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या असत. दीड इंची खुंटी १:४८ ला ०.८ मिलिमीटरची होते, आणि एवढी बारीक गोल काडी चाकूनं करता येत नाही. बांबूची कामटी घ्या, तंतूंच्या दिशेनं काडेपेटीच्या काडीएवढी चिरा, टोक काढा आणि जंतराच्या मोठ्या भोकातून ओढा. मग त्याहून लहान, मग त्याहून. प्रत्येक भोकातून तीन-चार वेळा, चिमट्यानं पकडून, सरळ रेषेत. बारीक भुसा पडतो आणि हळूहळू काडी गोल, गुळगुळीत, दोऱ्यासारखी लांब निघत जाते. बांबूचे तंतू सरळ असतात म्हणून तुटत नाही. पहिल्यांदा ०.८ ची काडी निघाली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

दोऱ्या पुढच्या होडीला लागतील. पतंगाची साधी सद्दी आणा, मांजा अजिबात नको. तीन धागे एका दिशेनं पिळायचे आणि मग तिन्ही मिळून उलट दिशेनं. खरा दोर असाच वळतात, त्यामुळे तो उकलत नाही. वरची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवून जाळायची. शेवटचा हात चपडा लाखेचा, स्पिरिटमध्ये पातळ करून, तीन वेळा.

तुम्ही मराठा आरमाराची गुराब, म्हणजे मोठी लढाऊ नौका, करण्याबद्दलही विचारलंय. करा, पण चौथी-पाचवी म्हणून. आपल्याकडचे कारागीर जहाज कागदावरच्या नकाशाशिवाय, डोळ्यानं आणि हातानं बांधत आले. केरळातल्या बेपोरचे आणि कच्छमधल्या मांडवीचे लोक तर आपल्या काळापर्यंत. त्यामुळे चित्रं आणि वर्णनं वाचून माप तुम्हालाच बसवावं लागतं. नौदलात २०२५ मध्ये दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून उभी राहिली, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून. एका चित्रावरून अख्खं जहाज उभं करायचं तर होडीचं पोट हातात मुरलेलं असावं लागतं, म्हणून आधी डोंगा.

वेळ अशी धरा. पावसाळ्यात लाकूड आणून चिरून ठेवा, चित्रं काढा, जंतरातून काड्या ओढत बसा. फळ्या दिवाळीनंतर लावा. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत नागपूरची हवा ना फार ओली ना फार कोरडी, सांधे टिकतात. उन्हाळ्यात रंग, लाख, दोऱ्या.

अडलात तर इथंच विचारा, मी उत्तर देईन. फोटो टाकाल तेव्हा होडी पालथी घालून, खालून काढलेला टाका.