आधी टप, मग तंबू

गाडीच्या टपावर बसवायच्या तंबूविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक वाचकांनी ‘कोणत्या कंपनीचा तंबू घ्यावा’ असे विचारले आहे. त्याचे थेट उत्तर येथे मिळणार नाही, कारण आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतला एक आकडा पाहिल्याखेरीज कंपन्यांची तुलना करण्यात काहीच हशील नाही.

प्रश्न : माझ्याकडे छोटी फोर बाय फोर गाडी आहे. पुस्तिकेत छतावर जास्तीत जास्त 30 किलो वजन ठेवावे असे लिहिले आहे. तंबूविक्रेता मात्र ‘आमच्या तंबूत 300 किलोपर्यंत माणसे झोपू शकतात, बिनधास्त घ्या’ असे सांगतो. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही खरे आहे, मात्र दोघे वेगवेगळ्या वजनांविषयी बोलत आहेत. गाडी उभी असताना तंबूतल्या माणसांचे वजन सरळ खाली, दारांमधल्या खांबांवरून चाकांकडे उतरते, आणि गाडीचे छत हा भार चालत्या गाडीतील मर्यादेच्या कित्येक पट पेलू शकते. पुस्तिकेतला 30 किलोंचा आकडा चालत्या गाडीचा आहे. साठ किलोंचा तंबू टपावर बांधून आपण आंबा घाट उतरत आहात असे समजा. करकचून ब्रेक दाबला की तो तंबू पुढे जाऊ पाहतो, वळणावर बाहेरच्या बाजूला ओढतो आणि खड्ड्यात चाक आपटले की क्षणभर स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक जोराने छतावर आदळतो. हे सगळे गाडीच्या सर्वांत उंच भागावर घडत असल्यामुळे गाडी कलंडण्याची शक्यताही वाढते. कंपनी आकडा ठरवते तो हे सगळे धरून. ऑस्ट्रेलियात, जिथे टपावरच्या तंबूंची चलती आहे, तिथेसुद्धा सुझुकीने जिम्नी या छोट्या फोर बाय फोर गाडीच्या छतासाठी 30 किलोंचीच मर्यादा दिलेली आहे.

या मर्यादेत केवळ तंबू मोजून चालत नाही. तंबू ज्यांच्यावर बसतो ते आडवे क्रॉसबार, नटबोल्ट, शिडी, आतली गादी आणि सोय म्हणून तंबूतच गुंडाळून ठेवलेल्या रजया, हे सारे त्यात धरावे लागते. फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइपांचा कॅरिअर बनवून घेण्याची आपल्याकडे हौस फार. तो कॅरिअर एकटाच 30 किलोंच्या पुढे सहज जातो, म्हणजे तंबू चढण्याआधीच हिशेब संपलेला असतो. शिवाय छत, छतावरचे रेल आणि क्रॉसबार या तिघांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात आणि त्यांतली सर्वांत कमी मर्यादा हीच आपली मर्यादा समजावी. आपल्याकडच्या अनेक गाड्यांवरचे चकचकीत रेल तर निव्वळ शोभेचे असतात. ते वजन घेतात की नाही, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे. कापडी किंवा फायबरचे छत असलेल्या गाडीवर नुसत्या छताच्या आधाराने तंबू बसवण्याचा विचारही करू नये. जुनी बोलेरो असणाऱ्यांचे त्या मानाने बरे, कारण छताच्या कडेने गेलेल्या पत्र्याच्या पन्हळीला पकडणारे मजबूत क्लॅम्प त्यांना वापरता येतात. अर्थात पुस्तिकेतली मर्यादा त्यांनाही चुकलेली नाही.

दोन माणसांचे तंबू साधारणपणे 45 ते 60 किलोंचे असतात, त्यामुळे आपल्या गाडीसाठी या प्रकारचा तंबू घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. चांगला जमिनीवरचा तंबू घ्यावा, किंवा आसने आडवी करून गाडीतच झोपण्याची सोय करावी. छोट्या गाड्यांवर तंबू बसतच नाहीत असे मात्र नाही. पूर्व जर्मनीत लोक जेमतेम सहाशे किलोंच्या ट्राबांट गाडीच्या टपावर तंबू उभारून सुट्टीला जात. पण तो तंबू त्या गाडीसाठी म्हणूनच बनवलेला होता.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी आणि आठ व पाच वर्षांची दोन मुले आहोत. आमच्या एसयूव्हीची उंची सुमारे 1.85 मीटर आहे. कडक कवचाचा तंबू घ्यावा की कापडी घडीचा? सोसायटीच्या तळघरातील पार्किंगच्या दाराशी 2.1 मीटर असे लिहिले आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चौघांनी एकत्र झोपायचे असेल तर कडक कवचाचा, म्हणजे ज्याला दुकानात हार्ड शेल म्हणतात तो तंबू आपल्या उपयोगाचा नाही. तो पेटीच्या झाकणासारखा उघडतो, त्यामुळे त्याची रुंदी गाडीच्या टपाएवढीच, म्हणजे 1.2 ते 1.3 मीटर राहते. त्यात दोन मोठी माणसे आणि फार तर एक तान्हे मूल मावते. घडीचा कापडी तंबू पुस्तकासारखा उघडतो, त्याचे अर्धे पान टपाबाहेर येऊन शिडीवर टेकते आणि म्हणूनच त्याला 1.4 पासून 1.9 मीटरपर्यंत रुंदी मिळते. आपल्याला 1.9 मीटरचाच लागेल, कारण मुले वाढती आहेत आणि झोपेत पाच वर्षांचे मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक जागा व्यापते, हे कोणत्याही आईवडिलांना सांगायला नको. असा तंबू 65 ते 80 किलोंच्या आसपास भरतो. त्यात क्रॉसबारचे वजन मिळवून ती बेरीज आपल्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. बेरीज अधिक झाली तर 1.4 मीटरचा तंबू घेऊन मुले आणि एक पालक वर आणि दुसरा पालक तंबूखाली लटकवायच्या कापडी खोलीत, अशी विभागणी करता येते. आमच्या परिचयातील एक कुटुंब तीन वर्षे असेच राहते आहे आणि खाली कोणी झोपायचे यावरून त्यांच्यात भांडण होते ते खालच्या जागेसाठी, वरच्या नव्हे.

कवचाचा तंबू मिनिटा-दोन मिनिटांत उभा राहतो. कापडी तंबूला सवय झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे लागतात. पहिल्यांदा अर्धा तास धरावा आणि हा पहिला प्रयोग घराजवळ, दिवसाउजेडी करावा. घडी केलेला कापडी तंबू जाड असल्यामुळे वारा अधिक अडवतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने जाताना तंबूवर येणारा रेटा 80 च्या वेगाच्या तुलनेत सव्वादोन पट असतो. इंधन तर जास्त जातेच, पण खरी काळजी बोल्टांची करावी. नवा तंबू बसवल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पाना लावून सगळे बोल्ट तपासावेत आणि पुढे प्रत्येक प्रवासाआधी तपासावेत.

आता पार्किंग. 1.85 मीटरमध्ये क्रॉसबारचे 10 आणि घडीचे 30 ते 35 सेंटिमीटर मिळवले की 2.25 मीटरच्या पुढे जाते. म्हणजे गाडी आपल्या तळघरात जाणार नाही. कवचाचा पातळ तंबू घेतला तरी ती जाणार नाही. दाराशी लिहिलेल्या आकड्यावरही विसंबू नये, कारण आतमध्ये तुळईच्याही खाली अग्निशमनाची लाल नळी आणि तिचे फवारे लोंबत असतात. टेप घेऊन तिथपर्यंत मोजावे. दर वेळी तंबू काढून ठेवू, असे दुकानात वाटते. सत्तर किलोंचा ठोकळा डोक्याच्या वर उचलायला चार माणसे लागतात आणि चौथा माणूस रविवारी सकाळी कधीच सापडत नाही. उघड्यावर पार्किंग मिळणार असेल तरच खरेदी करावी, आणि केल्यावर गाडीची नवी उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावी.

प्रश्न : आम्हांला पावसाळ्यातच फिरायला आवडते. पॉलिएस्टरचा तंबू चांगला की सुती कॅनव्हासचा? बुरशी लागू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोकणातल्या माणसाने हा प्रश्न पहिला विचारावा, हे योग्यच आहे. लेप दिलेले पॉलिएस्टर हलके असते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते. मात्र त्यातून हवा जात नाही, त्यामुळे दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासाचे पाणी पहाटे आतल्या बाजूने थेंबाथेंबाने उतरू लागते आणि आपल्याला तंबू गळतो आहे असे वाटते. शिवाय उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे बंद राहिले तर त्याचा आतला लेप चिकट होऊन पापुद्र्यांसारखा सुटतो. सूत आणि पॉलिएस्टर मिसळून विणलेले जाड कापड, ज्याला पॉलिकॉटन म्हणतात, ते श्वास घेते, वाऱ्यात कमी फडफडते आणि उन्हात कमी तापते. ते जड असते, वाळायला वेळ घेते आणि त्यातले सूत हे बुरशीचे अन्नच असते.

आषाढ-श्रावणात खरोखर मुक्काम करणाराने वर वेगळे आच्छादन असलेला पॉलिकॉटनचा तंबू घ्यावा, असे माझे मत आहे. पण घरी पडवीत किंवा मोठ्या शेडमध्ये तो पूर्ण उघडून वाळवण्याची जागा असेल तरच. ती नसेल तर मुकाट्याने पॉलिएस्टर घ्यावे. हे मी अनुभवाने सांगतो. एका सप्टेंबरमध्ये गुहागरला पहाटेच्या सरीत तंबू भिजला, घाईने घडी केली, घरी आलो आणि कामाच्या रगाड्यात आठ दिवस तो टपावर तसाच राहिला. उघडला तेव्हा शिवणींच्या कडेने तिळाएवढ्या काळ्या ठिपक्यांची ओळ उमटली होती आणि आत तळघरासारखा कुबट वास होता. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून, उन्हात ठेवून वास गेला. ठिपके आजही आहेत. ब्लीच वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ठिपक्यांबरोबर कापडाची पाणी अडवण्याची शक्तीही त्याने जाते. भिजलेला तंबू घडी करणे भागच पडले तर तो 24 तासांच्या आत पुन्हा उघडावा, मग रात्र झालेली असो.

नवा सुती मिश्रणाचा तंबू वापरण्यापूर्वी एक-दोनदा नळीने चिंब भिजवून पूर्ण वाळवावा. धागे फुगून शिवणीतली सुईची भोके बुजतात. ही गोष्ट अनेक विक्रेते सांगत नाहीत आणि पहिल्या पावसात शिवण पाझरली की ग्राहक तक्रार घेऊन जातो. गादीखालीही लक्ष असू द्यावे. अंगाची ऊब गादीतून खाली जाते आणि थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते. भंडारदऱ्याला एका डिसेंबरच्या सकाळी मी गादीचा कोपरा उचलला तेव्हा खालचे पाणी टिपायला ठेवलेले फडके पिळावे लागले होते. गादीखाली हवा खेळवणारी जाळीदार चटई घालावी आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या पाऊस असतानाही बोटभर उघड्या ठेवाव्यात. समुद्रकाठी राहून आल्यावर बिजागऱ्या, स्क्रू आणि चेन गोड्या पाण्याने धुवाव्यात, नाही तर मिठाने त्या वर्षभरात जाम होतात.

गाडी उभी करताना तंबूची बंद, बिजागरीची बाजू वाऱ्याकडे करावी. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणजे दार पूर्वेकडे राहील असे पाहावे. आणि वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या तर तंबूत थांबू नये. खाली उतरून गाडीत बसावे आणि काचा बंद कराव्यात. विजेपासून संरक्षण गाडीच्या पत्र्याच्या आत असते, पत्र्याच्या वर नसते.

प्रश्न : असा तंबू बसवल्यास आरटीओची अडचण येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून छताला भोके पाडणे, वेल्डिंग करणे असले प्रकार करू नयेत, आणि पान्याने काढता-घालता येणारी जोडणीच वापरावी. भोकांतून पाणी झिरपून छत गंजते ते वेगळेच. तंबू बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचे लेखी उत्तर जपून ठेवावे. तंबू टपावर असला तरी गाडी कोणाच्या तरी जमिनीवर उभी असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वनविभागाची आणि शेतात मालकाची परवानगी आधी घ्यावी.

प्रश्न : माझ्या आईचे वय 68 असून तिचे गुडघे दुखतात. तिलाही तंबूत झोपायचे आहे. शिडी तिला झेपेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चढणे कदाचित झेपेल, परंतु रात्री दोनदा लघवीला उठून अंधारात, झोपाळलेल्या अवस्थेत पाठमोरे उतरणे ही खरी परीक्षा आहे. शिडी जवळपास दोन मीटरची असते आणि दहिवराने तिच्या पायऱ्या निसरड्या होतात. आईंना दुकानात घेऊन जावे, गोल दांड्यांऐवजी सपाट, रुंद पायऱ्यांची शिडी निवडावी, त्यांना अनवाणी चढायला, आत आडवे व्हायला आणि मग पुन्हा उतरायला सांगावे. उतरताना त्यांनी एकदाही कोणाचा हात मागितला तर निर्णय झाला असे समजावे. अशा वेळी तंबूखालच्या कापडी खोलीत घडीची खाट टाकून द्यावी. तिथे त्यांना उभे राहता येते आणि बाहेर पडायला दोन पावले पुरतात. थंडी कितीही असली तरी त्या खोलीत किंवा वर तंबूत शेगडी पेटवू नये, कोंडलेला धूर झोपेतच जीव घेतो. चपला जमिनीवर न सोडता शिडीजवळच्या कापडी खिशात ठेवाव्यात, आणि तरीही सकाळी पाय घालण्यापूर्वी झटकून घ्याव्यात; साताऱ्याकडच्या माळांवर विंचू भरपूर आहेत.